माशीचा पत्ता

पुणे, १८ जून २००१

आदरणीय मामा,

सप्रेम जय भीम.

महाराष्ट्र एक्स्प्रेसनं पाठवलेलं तुमचं खोकं मिळालं. इंजेक्शनच्या अकराही बाटल्या शाबूत आहेत. इथल्या नियमाप्रमाणे प्रयोगशाळेच्या शिपायानं आतलं जुनं स्पिरिट ओतून टाकलं, नवं भरलं आणि दुसऱ्या दिवशी बाटल्या माझ्या टेबलावर ठेवल्या. खरं सांगते, मला फारशी आशा नव्हती. सुट्टीत कचारगडच्या गुहेत जाऊन माझ्यासाठी चिलटं पकडणारा मुख्याध्यापक मामा मला लाभला, एवढंच कौतुक मनात होतं.

पण मामा, चार आणि नऊ नंबरच्या बाटल्यांमध्ये मिळून पाच माश्या अशा निघाल्या की मी खुर्चीवरून उठलेच. जेमतेम दोन मिलिमीटरच्या. अंग पिवळं, प्रत्येक पंखावर धुरकट रंगाचे दोन ठिपके. मी पुस्तकं काढली, परत पाहिलं, माझ्या मार्गदर्शक मॅडमना न सांगता आणखी दोन दिवस पाहिलं. ही माशी जगात आजवर फक्त एकदाच सापडली आहे. सत्तर वर्षांपूर्वी कोण्या साहेबानं दोन माद्या पकडल्या, त्या परदेशातल्या संग्रहालयात टाचणीला टोचून ठेवल्या आहेत. त्यांच्या चिठ्ठीवर ठिकाण म्हणून काय लिहिलंय, तर नुसतं ‘मध्य प्रांत’. ती कुठे राहते, काय खाते, तिचा नर कसा असतो, कोणालाच ठाऊक नाही.

तुमच्या पाचांत एक नर आहे. इतक्या लहान माशीची जात जवळच्या जातींपासून वेगळी ठरवायची तर नराचा शेपटाकडचा भाग सुईनं सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. आधी बाहेर जाऊन चहा पिऊन आले. मग सोडवला, चित्र काढलं आणि मॅडमना बोलावलं. मॅडमनी पाहिलं, स्टुलावर बसल्या आणि पाणी मागितलं. त्यांना असं बसलेलं मी चार वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.

आमच्याकडे म्हणतात, पत्त्याशिवाय माशी म्हणजे कचरा. ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव, या तीन गोष्टी खऱ्या असल्या तरच तिला किंमत. तुमची चिठ्ठी बघून मॅडम खूश झाल्या: ‘कचारगड गुहा, ता. सालेकसा, जि. गोंदिया, १३ मे २००१, खे. दा. शहारे.’ भंडारा न लिहिता गोंदिया लिहिलंत तेही बरं केलंत, अजून इथं कोणाला आपला जिल्हा वेगळा झाल्याचं माहीत नाही. आता एवढंच कळवा, त्या बाटल्या गुहेत नेमक्या कुठल्या भागातल्या? आणि स्पिरिट कोणतं वापरलंत?

आईचा खोकला कसा आहे? विड्यांच्या तंबाखूनं तिची छाती भरली असणार. तिच्या विड्यांवर मी इथं बसून माश्या बघते, याचं मला कधी कधी फार वाईट वाटतं. चित्राची एक प्रत सोबत आहे.

तुमची,
समीक्षा

•

कोसमटोला, ९ जुलै २००१

चि. समीक्षास,

अनेक आशीर्वाद. जय भीम.

तुझं पत्र मी आधी एकट्यानं वाचलं, मग स्टाफरूममध्ये वाचलं, मग तुझ्या आईला वाचून दाखवलं. सत्तर वर्षं जे साहेबलोकांना मिळालं नाही ते माझ्या बाटलीत यावं, मी तर सुन्नच झालो. तुझं चित्र शाळेच्या भिंतीवर डकवलं आहे. त्यातला तो शेपटाचा भाग कशाचा, असं मुलांनी विचारलं. ‘शरीररचना’ असं सांगून मी पुढे गेलो.

चार नंबरची बाटली मोठ्या गुहेतली, जिथे वरून उजेड पडतो त्याच्या पलीकडच्या ओल्या भिंतीजवळची. तिथे वटवाघळांची विष्ठा घोट्याएवढी साचली आहे. नऊ नंबरची त्याहून आतली. माघातल्या यात्रेला एवढे लोक येतात, पण त्या कोपऱ्यात कोणी थांबत नाही, वासानं डोकं उठतं. मी नाकाला रुमाल बांधून उभा राहिलो, तुझ्यासाठी. स्पिरिटचं म्हणशील तर ते इकडून तिकडून जमवलं, त्यात तू वेळ घालवू नको.

इकडे दारूबंदी समितीचं सातवं वर्ष सुरू झालं. आजवर तेवीस हंडे फोडले. आपली पद्धत तुला माहीत आहेच, सगळ्या गावासमोर पहिली काठी अध्यक्षाची. मोहफुलं तर घरोघरी असतात, लोक खातात, ढोरांना घालतात, त्याला कोणाची ना नाही. पण ती दारूसाठी भिजवून सडवा लावला की आम्ही पोचतोच. बकारामसारख्या माणसानं दोन वर्षांपूर्वी भट्टी सोडली, आता भाजीचा ठेला लावतो आणि विहारात सर्वांच्या आधी येऊन सतरंजी टाकतो. माझ्या आयुष्यातलं हेच काय ते काम, असं मला वाटतं.

आईची चिंता करू नको. खोकला आहे, पण एरवी नसतो. वंदनेला बसली की नेमका येतो आणि पंचशील संपलं की थांबतो. हवा बंद असते म्हणून असेल.

तुझा मामा,
खेमराज

•

पुणे, २६ नोव्हेंबर २००१

आदरणीय मामा,

जय भीम.

आधी चांगली बातमी देते. आपल्या माशीवरचा लेख स्वीकारला गेला. मार्चमध्ये छापून येईल. सत्तर वर्षं ती कोणाला का दिसली नाही, तर ती गुहेच्या अंधारात राहते म्हणून, असा आमचा सगळा मुद्दा आहे. त्याच जोरावर गुहांमधल्या माश्यांसाठी मला दोन वर्षांची फेलोशिप मंजूर झाली आहे. म्हणजे आईला आता काही पाठवावं लागणार नाही. हे तिला तुम्हीच सांगा.

आता दुसरं. हे लिहायला मला कालपासून धीर होत नव्हता.

ऑगस्टमध्ये मी इथून स्पिरिट पाठवलं होतं. ते वापरून तुम्ही पाठवलेल्या बाटल्यांत दोनशेच्या वर माश्या होत्या, पण आपली एकही नव्हती. मी म्हटलं, पावसाळा आहे, नसेल. तुमचं तिसरं खोकं काल, रविवारी आलं. शिपाई नव्हता, म्हणून बाटल्या मीच उघडल्या. पहिलंच बूच काढलं आणि वास आला. मॅडम पलीकडच्या टेबलावर होत्या. म्हणाल्या, “किती गोड वास आहे, कुठलं गं फूल?” मी बूच परत लावलं. कोसमटोल्याची पोर आहे मी, मोहाची दारू मला बुचाच्या वासानं कळते.

त्या बाटल्यांत आपल्या सात माश्या होत्या. पण मला आनंद झाला नाही. मामा, तुमच्या घरात दारू आली कुठून? बाबा गेले तेव्हापासून मी तुमच्याकडे बघत मोठी झाले. तुम्ही हंडा फोडायला निघालात की मी तुमची काठी धरून पुढे चालायची. आता माझ्या मनात नको ते येतंय. तुम्ही घेता का? घेत असाल तर तसं लिहा, मी कोणाला सांगणार नाही. पण मला खोटं सांगू नका.

समीक्षा

•

कोसमटोला, ८ डिसेंबर २००१

चि. समीक्षास,

आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मला धड शिकवता आलं नाही. मुलांना भागाकार दिला आणि मीच चुकलो. ज्या पोरीला मी बाराखडी शिकवली, ती मला विचारते, तुम्ही घेता का. माझ्या ओठाला आजवर थेंब लागलेला नाही. हे तुला लिहून द्यावं लागतं, याचंच दुःख जास्त आहे.

आता खरं काय ते ऐक. मे महिन्यात शाळेतली स्पिरिटची बाटली उडून कोरडी झालेली. सालेकशाला औषधाच्या दुकानात मिळालं नाही. मेलेली माशी उन्हाळ्यात दोन दिवसांत सडते, हे तूच लिहिलं होतं. पहिल्या धारेची दारू काडी लावली की निळी पेटते, म्हणजे ती स्पिरिटच झाली, असा मी हिशेब केला. माश्यांसाठी हवी होती, माणसांसाठी नव्हे. पण समितीचा अध्यक्ष दारू मागायला कोणाच्या दारात जाणार? म्हणून एकाच्या हातून मागवली. गेल्या महिन्यात तुझं स्पिरिट संपलं, तेव्हा पुन्हा तीच वापरली. तुला लाजेनं सांगितलं नाही, एवढाच माझा गुन्हा.

कोणाच्या घरची ते विचारू नको. विचारशीलच, तर बकारामच्या घरची. जुनी कुठे ठेवलेली असेल. माश्या गुहेतल्याच आहेत, त्या कशात बुडवल्या यानं काय फरक पडतो? हा विषय इथेच संपव.

खेमराज

•

पुणे, २० डिसेंबर २००१

आदरणीय मामा,

मी तुमच्यावर संशय घेतला, त्याबद्दल पाया पडून माफी मागते. पण विषय संपत नाही. उलट मला आज जो धक्का बसला आहे त्यापुढे मागचा काहीच नव्हता.

नीट ऐका. तुमच्या तीन खोक्यांपैकी दोन दारूत आली, एक स्पिरिटमध्ये. गुहा तीच, भिंत तीच, माणूस तोच. दारूच्या दोन्ही खोक्यांत आपली माशी आहे आणि स्पिरिटच्या खोक्यात नाही. मी त्या सातांतल्या एका मादीचं पोट उघडून पाहिलं. आत मोहफुलाचा गर निघाला. मामा, गुहेत मोहफूल कुठून आलं? ही माशी कचारगडची नाहीच. ती सडव्यावर बसते, उघड्या बाटलीत पडून मरते आणि दारूबरोबर तुमच्या बाटलीत येते. तुम्ही ओतताना पाहिलं नाही आणि मी विचारलं नाही. सत्तर वर्षं ती अंधारात लपलेली नव्हती. कोणी शास्त्रज्ञ सडव्याच्या हंड्यात डोकावला नव्हता, इतकंच.

म्हणजे आमचा लेख साफ खोटा ठरला. मी रडले आणि मग मॅडमना जाऊन सांगितलं. त्यांनी लेखाची प्रत काढून समोर ठेवली. मग म्हणाल्या, “एकतीस जानेवारीच्या आत खरा पत्ता दे. नाहीतर लेख मागे घेऊ.” गुहा गेली तर फेलोशिपही जाईल. गेली तर गेली, पण खोटा पत्ता माझ्या नावावर छापून येता कामा नये.

माश्या ताज्या आहेत, म्हणजे दारू जुनी नसणार. मी चिठ्ठी बदलून ‘बकाराम यांचे घर, कोसमटोला’ अशी केली आहे. सडवा कुठे असतो, किती दिवसांचा, हेही लागेल. तुमची पत्रं उशिरा येतात, म्हणून आजच मी बकारामकाकांना सरळ एक कार्ड टाकलं आहे.

समीक्षा

•

(पोस्टकार्ड) पुणे, २० डिसेंबर २००१

बकारामकाकांना जय भीम. तुमच्या घरच्या मोहाच्या सडव्यातली माशी शास्त्राच्या दृष्टीनं फार महत्त्वाची निघाली आहे. सडवा घरात नेमका कुठे लावता आणि किती दिवस ठेवता, ते लवकर कळवावं. छापील लेखात तुमचं नाव येणार आहे. शकुंतलाकाकूंना नमस्कार. – समीक्षा गजभिये

•

कोसमटोला, ६ जानेवारी २००२

चि. समीक्षास,

हे पत्र बसून वाच. मी ते तिसऱ्यांदा लिहितो आहे.

तुझं कार्ड सोमवारी आलं. बकारामला वाचता येत नाही. पुण्याहून आपल्या नावानं कार्ड आलं याचा त्याला कोण आनंद. तो ते घेऊन चक्कीवर गेला. तिथे चुन्नीलाल दळण घेऊन बसला होता. त्यानं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं. चक्कीवर पंधरा माणसं होती. छापील लेखात नाव येणार, हे त्यानं दोनदा वाचलं म्हणे.

तासाभरात बकाराम माझ्या दारात उभा. ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, “गुरुजी, दोन वर्षं झाली, मी थेंब नाई गाळला. पोरीले कोन सांगतलं?” मी म्हणालो, मला माहीत नाही. समीक्षा, आयुष्यभर मी मुलांना खोटं बोलू नका म्हणून छड्या मारल्या आणि त्या माणसाच्या डोळ्यांत बघून मी दुसऱ्यांदा खोटं बोललो.

शनिवारी सकाळी समितीनं त्याच्या घराची झडती घेतली. भांडी अंगणात फेकली, चुलीमागची जमीन खणली, भाजीच्या टोपल्यासुद्धा उलट्या केल्या. काही निघालं नाही. तरी कोणी म्हणालं, लपवलं असन. शकुंतलाबाई त्या सांडलेल्या वांग्यांत बसून होती, कोणाकडे बघत नव्हती. मी काठी घेऊन उभा होतो.

तेवढ्यात बायकांच्या मागून तुझी आई पुढे आली. “बकारामच्या घरी कायले पाहून राहिले? माझ्या घरी चला,” म्हणाली.

लोकांना कळेचना. मला मात्र कळलं. मग सगळं गाव तिच्यामागे निघालं. तुमच्या न्हाणीच्या मागे, तुराट्यांच्या कुडाला टेकून, पोत्याखाली सडव्याचा हंडा होता. चार वर्षांपासून आहे, असं तिनं सर्वांसमोर सांगितलं. तिनं पोतं काढलं, माझ्या हाताला धरून पुढे ओढलं आणि म्हणाली, “पहिली काठी अध्यक्षाची. मार.”

मी मारली.

हंडा फुटला, सडवा पायांवर आला आणि त्यातून माश्यांचा ढग उठला. पिवळ्या, पंखांवर दोन ठिपके. सहा महिने तुझं चित्र मी रोज भिंतीवर बघतो आहे, मला चूक होणार नव्हती. मी काय केलं, ते सांगायला आता लाज वाटत नाही. तू नंतर पाठवलेल्या स्पिरिटची बाटली खिशात होती. मी त्या चिखलात गुडघ्यांवर बसलो आणि रुमालानं माश्या धरू लागलो. डोळ्यांना पाणी होतं, त्यामुळे निम्म्या सुटल्या. कोणी हसलं नाही. थोड्या वेळानं कोणीतरी समोर बसून बाटलीचं बूच धरलं. मान वर केली, तर तो बकाराम होता. बेचाळीस मिळाल्या, सोबत पाठवतो आहे.

आता जे लपवलं ते. मे महिन्यात मी कलाला, तुझ्या आईला, म्हणालो होतो, कोणाकडून तरी एक बाटली आणून दे. ती घराच्या मागे गेली आणि चुलीवरचा चहा उकळायच्या आत परत आली. मी विचारलं नाही, कारण मला उत्तर नको होतं. तेवीस घरांचे हंडे फोडले, पण एका न्हाणीच्या मागे मी कधी गेलो नाही. तुला बकारामचं नाव सांगितलं, कारण एकदा बदनाम झालेल्या माणसाचं नाव पटकन जिभेवर येतं. मी समितीचा राजीनामा दिला आहे. तिथेच सर्वांसमोर बकारामचे पाय धरले.

एकच मागणं आहे. लेखात कलाचं नाव छापू नको. तू शिकलेली आहेस, काहीतरी मार्ग काढ.

तुझा,
खेमराज

•

पुणे, १४ जानेवारी २००२

प्रिय आई,

हे पत्र खुशबूताईकडून वाचून घे. अंगणवाडी सुटल्यावर तिला घरी बोलाव, दुसऱ्या कोणासमोर वाचू नको.

मामांचं पत्र आलं तेव्हा मी मेसमध्ये होते. ताट तसंच टाकून खोलीत आले. दोन दिवस प्रयोगशाळेत गेले नाही. मला राग आला आहे, आई. मी चार वर्षं सगळ्यांना सांगत फिरले, माझी आई विड्या वळते, आणि ते सांगताना माझी मान ताठ असायची. तू मला का सांगितलं नाहीस? मी शिक्षण सोडलं असतं, काहीही केलं असतं. तू दारू विकलीस याचा धक्का मोठा की मला कळू दिलं नाहीस याचा, तेच मला ठरवता येत नाही.

तू घाबरू नको. मी मॅडमशी बोलले आहे. चिठ्ठीवर ‘कोसमटोला, गावातील एक घर’ एवढंच लिहू. तुझं नाव कुठेही येणार नाही. पोलिसांचं किंवा कोणाचं काही होणार नाही. गावाची तोंडंही महिन्याभरात बंद होतील.

खोकल्याचं औषध घे.

समीक्षा

•

कोसमटोला, २१ जानेवारी २००२

समीक्षा,

मी सांगून राहिली आन खुशबू लिहून राहिली. तिले सांगतलं हाय, का जसं मी बोलतो तसंच लिही, मधात सुधारू नको.

तू विचारलं, सांगतलं काऊन नाई. तू शिक्षण सोडलं असतं म्हनून नाई सांगतलं. तूच लिहिलं ना आता. विड्याचं काम चार वर्षांपासून अर्ध्यावर आलं, हप्त्यातून तीन दिवस तेंदूपत्ता-तंबाखू भेटे. मंग मले जे येत होतं ते केलं. चांगलं केलं असं मी म्हनत नाई. ती दारू पिऊन ज्या घरी भांडनं झाली त्या बाया माझ्यासंगंच बोरिंगवर पानी भरतेत, मले सगळं दिसत होतं. भाऊ विहारात पंचशील म्हनाले बसवे, मी मांगच्या रांगेत बसत होती. पाचवं, दारूचं शील आलं का माझ्या तोंडून निघत नव्हतं, म्हनून खोकलत होती. मले खोकला नाई. औषध पाठवू नको.

आता तुझ्या माशीचं. तिले आमी टिपकेवाली म्हंतो. तू आन तुझी मॅडम ते नवीन समजून राहिले, पन सडवा लावनाऱ्या कोन्याबी बाईले विचार. मोहा भिजवला का चार दिवस काई नाई. पाचव्या दिवशी फेस बसते तवा टिपकेवाली येते. पयले नर येतेत, हंड्याच्या कांठावर एक पंख उचलून गोल गोल फिरतेत. मादी दुसऱ्या दिवशी. मादी आली का सडवा तयार झाला, गाळाले घ्या. ती नाई आली तं दारू कच्ची उतरते. हिवाळ्यात दोन दिवस उशिरा येते. आमी घड्याळ पाहून नाई, तिले पाहून भट्टी लावतो. चार वर्षं मी रोज पाह्यलं, मले दुसरं काम काय होतं. हे कामाचं असन तं लिहून घे.

आन आता माझी गोष्ट आयक. बकारामचं नाव लिहाले तुले एक दिवस लागला नाई. त्याले विचारलं नाई, सरळ कार्डावर लिहून टाकलं, चक्कीवर वाचलं सगळ्यायनं. त्याची बायको पाच दिवस पान्याले आली नाई, तिचं पानी मी भरून दिलं. तवाच मी ठरवलं का आता सांगाचं. आन आता माझी बारी आली तं तू लिहून राहिली, गावातलं एक घर. कोनतं घर? इथं साठ घरं हायेत. पयले बकारामवर नाव गेलं, आता साठ घरायवर जाईन.

पत्त्याबिगर माशी म्हंजे कचरा, हे तूच लिहिलं होतं. भावानं मले वाचून दाखवलं होतं, माझ्या ध्यानात हाय. तं पत्ता खरा लिही. पोलिसाले यायचं असन तं येईन, हंडा फुटला, खापऱ्या दाखवतो. तुले शरम वाटत असन तं वाटू दे, मले वाटते तशी. पन आपल्या मायचं नाव झाकून दुसऱ्याचं उघडं करशीन तं मी तुले शिकवलं ते पान्यात गेलं.

मी आता बकारामच्या ठेल्यावर सकारी भाजी निवडाले जातो. तो पैसे देते, मी तेवढंच काम करतो.

तुझी माय
कलाबाई
(सही मीच केली, खुशबूनं नाई)

•

(पोस्टकार्ड) पुणे, २९ जानेवारी २००२

बकारामकाका,

जय भीम. हे कार्ड मुद्दाम उघडंच पाठवते आहे. पहिलं कार्ड ज्यांनी चक्कीवर वाचलं, त्यांनी हेही तिथेच, तेवढ्याच मोठ्यानं वाचावं. पहिल्या कार्डात तुमच्याबद्दल लिहिलेला शब्द न् शब्द खोटा होता. मी तुम्हाला न विचारता तुमचं नाव लिहिलं. दोन वर्षं तुम्ही जे जपलं ते मी एका कार्डानं मोडलं. शकुंतलाकाकूंच्या आणि तुमच्या पाया पडून माफी मागते.

गुहेची फेलोशिप गेली. लेख आज दुरुस्त करून दिला. माशीची चिठ्ठी आता अशी छापली जाईल: ‘मु. कोसमटोला, ता. सालेकसा, जि. गोंदिया. कलाबाई गजभिये यांच्या न्हाणीमागे, मोहाच्या सडव्याचा हंडा. ५ जानेवारी २००२. गोळा करणार: खे. दा. शहारे, बकाराम. सवयींचं निरीक्षण, चार वर्षं: कलाबाई गजभिये.’

शेवटी मी ‘माझी आई’ असं लिहिलं होतं. चिठ्ठीवर नातं लिहीत नाहीत, म्हणून मॅडमनी ते खोडलं. तेव्हा ते इथं लिहिते, कोणीतरी वाचावं म्हणून. कलाबाई गजभिये माझी आई आहे.

– समीक्षा